इथे तुमची आई कामाला नाही

हॉस्टेलच्या सामाईक खोलीत, म्हणजे डॉर्ममध्ये, पहाटे चार वाजता प्लॅस्टिकची पिशवी जेवढी वाजते तेवढी ती दिवसाउजेडी कधीच वाजत नाही. ज्याला लवकरची गाडी गाठायची असते तो बिचारा चोरपावलांनी आवरत असतो, मोबाइलच्या उजेडात मोजे शोधत असतो, पिशवीची गाठ सोडताना श्वाससुद्धा रोखून धरतो. आणि त्याच्या या सावधपणामुळेच तो आवाज संपता संपत नाही. एकदाचं काय ते करकरून मोकळा हो रे बाबा, असं होतं. पण कुणी बोलत नाही. खोलीतली सगळी माणसं झोपेचं सोंग घेऊन पडून राहतात, कारण आज ना उद्या यातल्या प्रत्येकावर चारच्या गाडीची पाळी येणार असते.

प्रवासाच्या आठवणी काढल्या की लोकांना डोंगर, समुद्र, किल्ले आठवतात. मला ते फोटो पाहिल्यावर आठवतात. फोटो न पाहता आठवतात त्या दाराआडच्या खुंट्यांवरचे ओले टॉवेल, भिजल्या बुटांत कोंबलेले वर्तमानपत्राचे बोळे, बेसिनपाशी तोंडात ब्रश धरून उभी असलेली रांग, आणि ‘गरम पाणी डावीकडच्या शॉवरला येतं’ असं कानाशी सांगून गेलेली एक बाई, जिचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. गंमत म्हणजे लहानपणच्या घराच्या आठवणीही याच जातीच्या आहेत. समारंभ कधीच पुसट झाले, पण बाथरूमच्या दारावर पडणारी थाप कुणाची ते मी आजही डोळे मिटून ओळखेन.

हॉस्टेल म्हणजे कॉलेजचं वसतिगृह नव्हे, प्रवाशांचं. हॉटेल खोली विकतं, हॉस्टेल पलंग विकतं, एवढाच मूळ फरक. बाकीचं सगळं या एका फरकातून येतं. पलंग आपला, खोली सगळ्यांची. लॉकर आपला, कुलूपही बहुतेक वेळा आपणच न्यायचं. गाद्यागिरद्या त्यांच्या, पण निघताना चादर आणि अभ्रा काढून ठरल्या टोपलीत टाकायचा. स्वयंपाकघर सगळ्यांचं, खरकटं ज्याचं त्याचं. स्वस्ताई अशी आकाशातून पडत नाही. हॉटेलात जी कामं पगारी माणसं करतात त्यांतली निम्मी इथे आपण करतो आणि तेवढे पैसे वाचतात.

ही युक्ती ज्याला सुचली तो एक शाळामास्तर होता, हे मला फार आवडतं. रिचर्ड शिरमान त्याचं नाव, जर्मनीतल्या अल्टेना गावात शिकवायचा. भिंतींच्या आत मुलं काही शिकत नाहीत असं त्याचं मत, म्हणून तो त्यांना घेऊन दिवसेंदिवस पायी हिंडायचा. १९०९ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका पायपिटीत, ब्रोल नदीच्या खोऱ्यात, वादळी पावसानं त्यांना गाठलं. निवाऱ्याला एक गावातली शाळा मिळाली. सुट्टी होती, वर्ग रिकामे होते. बाकं भिंतीला सरकवली, शेतकऱ्याकडून पेंढा आला, दूध आलं, आणि दमलेली मुलं पेंढ्यावर गाढ झोपली. विजा कडाडत होत्या, मास्तर जागा होता. सुट्टीत देशभरातल्या शाळा अशाच रिकाम्या पडलेल्या असतात. एका दिवसाच्या चालीवर एकेक अशी शाळा मिळत गेली तर पोरांना सबंध देश पायाखाली घालता येईल, असा त्याचा हिशेब त्या रात्री जुळला.

मग त्यानं लेख लिहिला, वर्गणी जमवली, विल्हेल्म म्यूंकर नावाच्या उद्योजकाची साथ मिळवली. १९१२ मध्ये अल्टेनाच्या जुन्या किल्ल्यात पहिलं कायमचं हॉस्टेल उभं राहिलं. त्या पहिल्या खोल्या आता संग्रहालय म्हणून जपल्या आहेत, तीन मजली भक्कम लाकडी पलंगांसकट. म्हणजे वरच्या पलंगावर चढताना खालच्याच्या बोटांवर पाय देण्याची परंपरा शंभराहून अधिक वर्षांची आहे. १९३२ मध्ये ॲमस्टरडॅमला निरनिराळ्या देशांच्या हॉस्टेल संघटना एकत्र आल्या आणि आंतरराष्ट्रीय महासंघ झाला. शिरमान त्याचा अध्यक्ष. त्यानंतर नाझी आले. जर्मनीतली हॉस्टेलं हिटलरच्या युवक संघटनेच्या ताब्यात गेली आणि १९३६ मध्ये शिरमानला ते अध्यक्षपद सोडावं लागलं. सगळ्या देशांतल्या पोरांनी एका छताखाली झोपावं ही कल्पना त्या राजवटीला मानवणारी नव्हतीच.

मास्तरानं काढलेली संस्था असल्यामुळे असेल, पण हॉस्टेलांना शाळेचा वास कायम राहिला. ब्रिटनमध्ये १९३० साली चळवळ सुरू झाली तेव्हा रात्रीचा दर एक शिलिंग होता आणि यायचं ते पायी नाहीतर सायकलवर. मोटारीतून येणाऱ्याला बऱ्याच वर्षांपर्यंत तिथे मज्जाव होता. झोपायला चादरीची शिवलेली पिशवी आपापली आणायची. रात्री ठरल्या वेळी दार बंद, दिवे बंद. आल्याबरोबर सभासदाचं कार्ड वॉर्डनकडे द्यायचं आणि सकाळी वाट्याला आलेलं काम केलं की ते परत मिळायचं. कुणी जिना झाडायचा, कुणी बटाटे सोलायचे, कुणी बेसिन घासायचं. काम टाळून सटकायचं तर कार्ड मागे सोडून जावं लागे. आमच्या घरात असं कार्ड असतं तर दादा आजही कुठल्याशा जिन्यापाशी अडकलेला असता.

तसली चादरीची पिशवी माझ्याकडेही होती. पहिल्यांदा एकटी निघाले तेव्हा आईनं दोन जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या चादरी जोडून ती शिवली होती. वरच्या बाजूला उशी सरकवायला खिसासुद्धा केला होता. शिवताना ती काही बोलली नाही. काळजी वाटली की ती शिवायला बसते. पुढे ढेकणांच्या भीतीनं पुष्कळ हॉस्टेलांनी बाहेरून आणलेली अंथरुणं बंद केली आणि चादरी स्वतःच द्यायला सुरुवात केली. ते योग्यच आहे. ढेकूण महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो आणि फुकट प्रवास करण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. मी अजूनही खोलीत शिरल्याबरोबर गादीची शिवण उलटी करून काळे ठिपके बघते आणि तोवर सामान पलंगावर ठेवत नाही. ती पिशवी मात्र फेकवली नाही.

लहानपणी आम्ही एका खोलीत तिघी झोपायचो. आजी, ताई आणि मी. दादाचं अंथरूण बाहेरच्या खोलीत. ताई परीक्षेच्या दिवसांत पहाटे चारचा गजर लावायची. गजर झाला की आजी उठायची, मी उठायचे, भिंतीपलीकडून दादा ओरडायचा, आणि ताई तेवढी शांत झोपलेली असायची. डॉर्ममध्ये गजर होऊनही न उठणारा एक तरी प्राणी असतोच. बाकीच्यांचा जीव वरखाली होतो, पण मला त्याच्यावर रागावता येत नाही. तो कुणाची तरी ताई असणार असं वाटतं.

बाबा रात्री झोपण्यापूर्वी घरभर एक फेरी मारायचे. दाराची कडी, गॅसचं बटण, नळ, खिडकी, पुन्हा दाराची कडी. आम्ही त्यांच्या पावलांवरून फेरी कुठवर आली ते ओळखायचो आणि ती आमच्या दाराशी पोहोचायच्या आत दिवा घालवायचो. पुढे एका डोंगरपायथ्याच्या हॉस्टेलात रात्री दहाला तिथला म्हातारा व्यवस्थापक अगदी तशीच फेरी मारायचा. त्याच्या चपलांचा आवाज जवळ आला तशी मी पुस्तक मिटलं. शेजारच्या पलंगावरच्या अनोळखी मुलीनंही त्याच क्षणी मिटलं. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो. तिच्याही घरी कुणीतरी कडी तपासत असणार.

पण हॉस्टेलचा खरा जीव स्वयंपाकघरात असतो. फ्रिज उघडला की कागदी पट्ट्या चिकटवलेल्या पिशव्यांची गर्दी. प्रत्येक पट्टीवर नाव आणि जाण्याची तारीख. तारीख उलटली की त्या पिशवीवरचा हक्क संपला. काही ठिकाणी ती टाकून देतात, काही ठिकाणी तिची रवानगी फुकटाच्या फळीवर होते. या फळीवर मी मनापासून प्रेम केलं आहे. अर्धी मिठाची पुडी, तळाशी उरलेलं तेल, तीन जणांना पुरणार नाही आणि एकाला संपणार नाही इतका पास्ता. निघणाऱ्यानं ठेवायचं, येणाऱ्यानं घ्यायचं, आभार मानायला समोर कुणीच नाही. एकदा खिशात अगदीच काही उरलं नव्हतं तेव्हा दोन दिवस मी या फळीवर काढले. तिथे जे मिळेल त्यात जे मिळेल ते घालून शिजवायचं; चवीबद्दल न बोललेलं बरं.

आणि या स्वयंपाकघरात, बहुतेक ठिकाणी बेसिनच्या वर, एक पाटी असते. भाषा बदलते, अक्षर बदलतं, मजकूर तोच. ‘इथे तुमची आई कामाला नाही. आपली भांडी आपण घासा.’

मी ती पाटी किती वेळा वाचली आणि हसून पुढे गेले असेन. तिचा अर्थ मला लागला तो आई सोबत होती तेव्हा.

आई साठीच्या पुढे गेल्यावर एकदा म्हणाली, तू जिथे राहतेस तसल्या ठिकाणी मलाही ने. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, “पैसे देऊन लोकांचं घोरणं ऐकायला मी येणार नाही.”

“तुम्ही कुठे ऐकता?” आई म्हणाली. “तुम्ही तर करता.”

बाबा घरीच राहिले.

बायकांच्या डॉर्ममध्ये आम्हाला एक खालचा आणि एक वरचा पलंग मिळाला होता, पण ते दोन टोकांना होते. माझ्या वरच्या पलंगाखालच्या मुलीनं आईला पाहिलं, न विचारता आपली उशी उचलली आणि पलीकडे जाऊन झोपली. आईला याचं फार कौतुक वाटलं. तिनं आणलेलं कुलूप लॉकरला लावलं, ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं. बाबांची फेरी तिच्यातही मुरली आहे हे मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून स्वयंपाक केला. जेवणं झाली. आईनं पाटी वाचली, मोठ्यानं हसली, मला पुन्हा एकदा वाचून दाखवायला लावली. मग स्वतःचं ताट, चमचा, पेला घासला, पुसला, मांडणीत लावला. हात कोरडे करून ती सोफ्यावर जाऊन पाय वर घेऊन बसली. माझं ताट आणि ज्यात शिजवलं ते पातेलं बेसिनमध्ये तसंच होतं. मी बघतच राहिले.

“वाचलंस ना?” ती म्हणाली आणि पाटीकडे बोट दाखवलं.

मी घासलं. पातेल्याच्या तळाला चिकटलं होतं. घासता घासता मनात हिशेब चालू होता की असं चिकटलेलं पातेलं मी घरी शेवटचं कधी घासलं होतं.

माणूस एका रात्रीत बदलतो असं मात्र काही नसतं. दुसऱ्या दिवशी आई सवयीनं पाचला उठली. करण्यासारखं काहीच नव्हतं. थोडा वेळ खिडकीत बसली, मग अस्वस्थ झाली, मग वाळत घालायच्या खोलीत गेली आणि दोऱ्यांवरचे सगळ्यांचे वाळलेले कपडे काढून त्यांच्या घड्या घालून ठेवल्या. कुणाचे कोणते ते तिला अर्थातच ठाऊक नव्हतं. तिनं आकारावरून गठ्ठे केले. नऊच्या सुमारास एक उंचनिंच मुलगा आपले टी-शर्ट शोधत आला आणि त्या घड्यांकडे खुळ्यासारखा बघत राहिला. कुणी घातल्या हे समजल्यावर त्यानं आईसाठी कॉफी करून आणली. कॉफी बेताचीच होती. आईनं ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली आणि नंतर मला म्हणाली, “घडी घातली म्हणून कॉफी. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.”

तिसरी गोष्ट तिनं पाहिली ती मी इतक्या ठिकाणी राहूनही पाहिली नव्हती. अकराच्या सुमारास, लोक निघून गेलेले आणि नवे यायचे असतात त्या रिकाम्या वेळात, बादली घेऊन एक बाई येते. न्हाणीघरं धुते, टोपलीतल्या चादरी नेते, केसांनी तुंबलेली जाळी मोकळी करते. आम्ही प्रवासी त्या वेळी बाहेर असतो, आणि जुन्या पद्धतीच्या हॉस्टेलात तर दिवसा थांबूच देत नाहीत, त्यामुळे ती दिसत नाही. आई बाहेर न पडता मागे थांबली म्हणून तिला दिसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. संध्याकाळी मी परतले तेव्हा आईला तिच्या तीन मुलांबद्दल सगळं माहीत होतं. कसं, ते विचारू नका.

“पाटी अर्धीच खरी आहे,” आई म्हणाली. “आपली नसेल, कुणाची तरी आई आहेच कामाला.”

त्यानंतर मी पाटी वाचून हसत नाही. घरातही आपापलं ताट घासणं सोपं असतं, दिसतं, मिरवता येतं. जाळीत अडकलेले केस कुणाचेच नसतात. हॉस्टेलात त्यांच्यासाठी कुणाला तरी पगार असतो. घरी ते ज्याच्या नजरेला पडतात त्याच्या वाट्याला जातात, आणि नजरेला नेहमी एकाच माणसाच्या पडतात. एक शिलिंगात रात्र देणाऱ्या त्या वॉर्डनांना हे आमच्यापेक्षा नीट समजलं होतं असं मला वाटतं. त्यांनी जिना वाटून दिला होता. तो ‘कुणीतरी झाडेल’ म्हणून सोडला नव्हता.

हल्लीची हॉस्टेलं वेगळी आहेत. प्रत्येक पलंगाला पडदा, स्वतःचा दिवा, चार्जिंगची सोय. जुन्या लोकांना याचं वाईट वाटतं. आता कुणी कुणाशी बोलत नाही म्हणतात. मला पडदा हवा असतो. एकट्या बाईला अनोळखी खोलीत कपडे बदलताना काय वाटतं ते या जुन्या लोकांपैकी फारशा कुणाला कळलेलं दिसत नाही. बोलायचंच असेल तर स्वयंपाकघर आहे. कांदा चिरताना माणूस फार वेळ गप्प राहू शकत नाही.

माझी मुलं लहान असताना आम्ही चौघं फॅमिली रूममध्ये राहायचो. चार पलंगांची खोली, दार आपलं. वरच्या पलंगासाठी दोघांची इतकी भांडणं व्हायची की नवऱ्यानं अखेर वेळापत्रक केलं, आणि मग वेळापत्रक कुणाच्या वहीत लिहायचं यावरून भांडण झालं. घरी पाण्याचा पेला न उचलणारी ही पोरं तिथे मात्र अनोळखी लोकांसमोर मोठ्या ऐटीत प्लेटा पुसायची. घरी आल्यावर आठवडाभर ती लाट टिकायची, मग ओसरायची. लाट अंगात आहे तोवर सगळी कपाटं आवरून घ्यावीत, हे मी पुढे शिकले.

आईच्या घरी बदल झाला तो असा. परतल्यावर तिनं माझ्याकडून बेसिनवर लावायला पाटी लिहून घेतली. ‘तुमची आई’ नको म्हणाली. इथे खरी आई हजर असते, घोटाळा होईल. म्हणून ‘इथे तुमची बायको कामाला नाही’ असं लिहिलं. बाबांनी चष्मा लावून ती वाचली, खालच्या ओळीतली शुद्धलेखनाची एक चूक पेननं दुरुस्त केली आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःचा कप घासायला लागले. फक्त कप. पातेल्याचं विचारलं तर म्हणायचे, पाटीवर ‘आपापली भांडी’ असं आहे, पातेलं सगळ्यांचं. युक्तिवादात ते हरले नाहीत. शेवटी आईनंच कागदावर वार लिहिले आणि प्रत्येक वारापुढे एकेक काम. मंगळवारी आणि शुक्रवारी न्हाणीघराची जाळी बाबांकडे आहे. पहिल्या मंगळवारी ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, “एवढे केस कुणाचे असतात?”

आता आई माझी वाट बघत नाही. तिची एक मैत्रीण आहे, तिला घेऊन ती निघते. बुकिंग स्वतः करते. स्वयंपाकघर आहे का, खालचे पलंग मिळतील का, एवढे दोनच प्रश्न तिला महत्त्वाचे वाटतात. ती शिवलेली पिशवीही तिनं माझ्याकडून परत नेली आहे. अंथरूण नको म्हणाले तर प्रवासात पांघरायला होते, असं तिचं म्हणणं.

परवा तिचा फोन आला. फ्रिजपाशी उभी होती, मागे भांड्यांचा आवाज येत होता.

“पट्टीवर नाव लिहिलंय. जाण्याची तारीख लिहिलीच पाहिजे का गं?”

“हो. नाहीतर टाकून देतात.”

ती जरा थांबली. मैत्रिणीशी काहीतरी बोलली.

“मग पुढच्या शनिवारची टाकते.”

“अगं, पण तुमची तिकिटं बुधवारची आहेत ना?”

“बदलली. बाबांना तू सांग. आणि आज शुक्रवार आहे, जाळीची आठवण कर.”